हरलेला खटला, न सोडलेला प्रश्न

लॉरेन्स लेसिग हे कॉपीराइटच्या कायद्याचे अमेरिकी प्राध्यापक. पुस्तक, गाणे, चित्रपट किंवा संगणकाची प्रणाली यांवर मालकी कोणाची, किती वर्षांची आणि कुठवर, या प्रश्नावर ज्यांचे म्हणणे जगभर गांभीर्याने ऐकले जाई अशा मोजक्या अभ्यासकांत त्यांची गणना होत असे. जून २००७ मध्ये, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी जाहीर केले की हा विषय आपण बाजूला ठेवत आहोत आणि पुढची किमान दहा वर्षे राजकारणाला लागलेल्या भ्रष्टतेच्या प्रश्नाला देणार आहोत. अनेकांना याचे नवल वाटले. ज्या विषयात नाव कमावले तो सोडून दुसऱ्या विषयात विद्यार्थ्यासारखे नव्याने शिरणे प्राध्यापक मंडळी सहसा करत नाहीत.

मला मात्र त्यांनी विषय बदलला असे वाटत नाही. कॉपीराइटचा प्रश्न त्यांनी जिथे तो कायदा जन्माला येतो तिथपर्यंत नेला. वाटेत त्यांचे फार पराभव झाले. सर्वोच्च न्यायालयात हरले, निवडणुकीत हरले, स्वतः उभारलेल्या मोहिमांत हरले. तरी त्या पराभवांची साखळी नीट पाहिली तर आपल्या काळातल्या लोकशाहीविषयी एक महत्त्वाची गोष्ट हाती लागते. कोणत्याही विषयातला अन्यायकारक कायदा बदलायचा असेल, तर तो करणारा प्रतिनिधी कोणाच्या पैशावर निवडून येतो हे विचारल्यावाचून सुटका नाही. आणि हे विचारणे राजकारण्यांइतकेच त्या विषयाच्या जाणकारांचेही काम आहे. लेसिग यांच्या सगळ्या निष्कर्षांशी मी सहमत नाही, पण या मुद्द्यावर ते बरोबर आहेत असे मला ठामपणे वाटते.

त्यांची घडण पाहता ते व्यवस्थेला आव्हान देतील असे कोणाला वाटले नसते. १९६१ चा जन्म, पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टमध्ये बालपण. १९८० च्या रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात पेनसिल्व्हेनियाच्या प्रतिनिधींमध्ये ते सर्वांत तरुण होते. अर्थशास्त्र आणि व्यवस्थापन शिकून ते केंब्रिजला तत्त्वज्ञान शिकायला गेले आणि तिथून येलला कायदा शिकायला आले. पुढे रिचर्ड पोस्नर आणि सर्वोच्च न्यायालयाचे अँटोनिन स्कॅलिया या दोन नामवंत उजव्या न्यायाधीशांचे विधी-सहायक म्हणून त्यांनी काम केले. शिकागो, हार्वर्ड, स्टॅनफर्ड आणि २००९ पासून पुन्हा हार्वर्ड असा त्यांच्या अध्यापनाचा प्रवास. न्यायालय तर्काने चालते, राज्यघटनेतल्या शब्दाला तिथे वजन असते, न्यायाधीशाचे राजकीय मत काहीही असले तरी सुसंगत युक्तिवादापुढे तो झुकतो, अशी त्यांची श्रद्धा होती. पुढे या श्रद्धेलाच तडा गेला, म्हणून ही पार्श्वभूमी सांगितली.

१९९९ मध्ये ‘कोड अँड अदर लॉज ऑफ सायबरस्पेस’ हे त्यांचे पुस्तक आले. इंटरनेटवर सरकारची सत्ता चालणार नाही, तिथे माणूस मुक्त असेल, असा तेव्हा सर्वत्र बोलबाला होता. लेसिग यांनी त्याला नम्रपणे पण स्पष्टपणे छेद दिला. माणसाच्या वागण्याला चार गोष्टी बांधतात, असे त्यांनी मांडले: कायदा, समाजाची रीत, बाजारातली किंमत आणि भोवतालची रचना. वेग कमी करा अशी पाटी हा कायदा, आणि रस्त्यावरचा गतिरोधक ही रचना. पाटी मोडता येते, गतिरोधक मोडता येत नाही. इंटरनेटवर ही रचना म्हणजे संगणकाचा कोड. तो कोणीतरी लिहितो, त्यामागे कोणाचा तरी हेतू असतो, आणि त्याला कोणी निवडून दिलेले नसते. आज अॅपच्या एका बदलाने लाखो रिक्षाचालकांची आणि डिलिव्हरी करणाऱ्या मुलांची कमाई वरखाली होते, तेव्हा ही मांडणी किती दूरवरचे पाहत होती ते कळते. नियम कोण करतो आणि तो कोणाला जबाबदार आहे, हा त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचा प्रश्न या पुस्तकातच आहे.

याच सुमारास कॉपीराइटची लढाई त्यांच्यापुढे उभी राहिली. अमेरिकी राज्यघटनेने काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, कॉपीराइट देण्याचा अधिकार दिला तो दोन अटींवर. ज्ञानाची प्रगती व्हावी हा हेतू, आणि हक्क मर्यादित काळापुरता. १७९० च्या पहिल्या कायद्यात ही मुदत १४ वर्षे होती आणि लेखक हयात असेल तर आणखी १४ वर्षे मिळत. विसाव्या शतकातही बराच काळ २८ वर्षांनंतर हक्काचे नूतनीकरण करावे लागे, आणि बहुतेक जण ते करत नसत. लेसिग यांनी दिलेल्या आकड्यांनुसार १९७३ मध्ये ८५ टक्क्यांहून अधिक हक्कधारकांनी नूतनीकरण केले नव्हते. त्यामुळे कॉपीराइटची सरासरी मुदत जेमतेम ३२ वर्षे पडत असे. ज्याला आपल्या कृतीतून अजून मिळकत होती तो हक्क राखे, बाकीचे वाङ्मय सर्वांचे होई. १९७६ नंतर ही गाळणी हळूहळू काढून टाकली गेली आणि हक्क आपोआप, सर्वांना, प्रदीर्घ काळासाठी मिळू लागला. १९९८ च्या सनी बोनो कायद्याने मुदत आणखी २० वर्षांनी वाढवली. लेखकाच्या मृत्यूनंतर ५० ऐवजी ७० वर्षे, कंपन्यांच्या निर्मितीला ७५ ऐवजी ९५ वर्षे. ही वाढ जुन्या कृतींनाही लागू होती. डिस्नीच्या मिकी माउसचा पहिला गाजलेला बोलपट १९२८ चा आणि त्याचा हक्क लवकरच संपणार होता, त्यामुळे हा कायदा मिकी माउसच्या नावानेच ओळखला जाऊ लागला.

न्यू हॅम्पशायरमधले एरिक एल्ड्रेड हे निवृत्त गृहस्थ कॉपीराइट संपलेली पुस्तके इंटरनेटवर मोफत वाचायला ठेवत. रॉबर्ट फ्रॉस्ट यांचा १९२३ चा ‘न्यू हॅम्पशायर’ हा कवितासंग्रह १९९९ मध्ये मुक्त होईल आणि आपण तो ठेवू, अशी त्यांची आशा होती. नव्या कायद्याने ती २०१९ पर्यंत लांबवली. लेसिग यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. युक्तिवाद साधा होता. मुदत संपत आली की काँग्रेस ती वाढवते; चाळीस वर्षांत तिने असे अकरा वेळा केले. असे होत राहिले तर घटनेतल्या ‘मर्यादित काळ’ या शब्दांना अर्थ काय उरतो? शिवाय मेलेल्या कवीला आणखी लिहायला प्रोत्साहन कसे देणार? या बाजूने न्यायालयात निवेदन देणाऱ्या १७ अर्थतज्ज्ञांत मिल्टन फ्रीडमन, केनेथ अॅरो आणि रोनाल्ड कोस यांच्यासारखे नोबेलविजेते होते. एरवी एकमेकांशी न पटणारी ही माणसे या मुद्द्यावर एकत्र आली.

९ ऑक्टोबर २००२ रोजी युक्तिवाद झाला आणि १५ जानेवारी २००३ रोजी निकाल लागला. लेसिग सात विरुद्ध दोन मतांनी हरले. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांच्या निकालपत्राचा आशय असा, की मुदतीला आकडा आहे तोवर ती मर्यादितच. तो किती असावा हे ठरवणे काँग्रेसचे काम आहे. जॉन पॉल स्टीव्हन्स आणि स्टीफन ब्रायर यांनी विरोधी मत नोंदवले. ५५ ते ७५ वर्षे जुन्या कृतींपैकी जेमतेम दोन टक्क्यांना बाजारात काही किंमत उरते, हे ब्रायर यांनी दाखवून दिले. म्हणजे दोन टक्क्यांच्या मिळकतीसाठी उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्के पुस्तकांना, चित्रफितींना आणि छायाचित्रांना कुलूप. त्यांतल्या कित्येकांचे मालक शोधूनही सापडत नाहीत. सापडत नाहीत म्हणून परवानगी मिळत नाही. परवानगी नाही म्हणून कोणी जतन करत नाही. जुन्या फिल्मची रसायने विरघळत जातात, स्वस्त कागदाचा भुगा होतो, आणि कायदा मात्र अस्तित्वात नसलेल्या मालकाचे रक्षण करत राहतो.

या पराभवाचा लेसिग यांनी ‘फ्री कल्चर’ या २००४ च्या पुस्तकात केलेला पंचनामा मला त्यांच्या लेखनात सर्वांत मोलाचा वाटतो. अनुभवी वकिलांनी त्यांना सांगितले होते की न्यायाधीशांना या कायद्याने झालेले नुकसान डोळ्यांपुढे दिसू द्या. न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी सुनावणीत तशी संधीही दिली. या कायद्याने प्रगती खरेच अडली का, असा त्यांच्या प्रश्नाचा रोख होता. लेसिग उत्तरले की आपला मुद्दा पुराव्याचा नसून घटनेच्या मर्यादेचा आहे. १९९५ मध्ये याच न्यायालयाने काँग्रेसच्या अधिकाराला मर्यादा असतात असा निकाल दिला होता. तेच तत्त्व लावून उजवे न्यायाधीश आपल्याकडे येतील, अशी त्यांची अटकळ होती. ती चुकली. ज्या स्कॅलियांच्या हाताखाली ते शिकले, त्यांनीही एक शब्द न लिहिता बहुमताला साथ दिली. निव्वळ तर्क पुरत नाही, हा धडा त्यांना इथे मिळाला.

त्याच पुस्तकात आणखी एक नोंद आहे. सनी बोनो कायद्याच्या प्रतिनिधीगृहातल्या १३ मूळ प्रस्तावकांपैकी १० जणांना, आणि सिनेटमधल्या १२ पैकी ८ जणांना, डिस्नीच्या राजकीय निधीतून देणग्या मिळाल्या होत्या. यात बेकायदा काहीच नव्हते, आणि खरा प्रश्न तोच आहे.

खटला चालू असतानाच लेसिग यांनी दुसरी वाट काढली होती. २००१ मध्ये हॅल अॅबलसन आणि एरिक एल्ड्रेड यांच्यासह त्यांनी क्रिएटिव्ह कॉमन्स ही संस्था स्थापन केली आणि डिसेंबर २००२ मध्ये तिचे पहिले परवाने आले. कल्पना सुटसुटीत होती. कायदा लेखकाला सगळे हक्क आपोआप देतो. त्यांपैकी नको असलेले सोडून देण्याची सोपी सोय त्याच्या हाती द्यायची. नाव द्या आणि खुशाल वापरा. वापरा पण धंद्यासाठी नको. बदला, पण बदललेलेही तसेच खुले ठेवा. २००९ मध्ये विकिपीडियाने यांतला शेवटचा परवाना स्वीकारला. मराठी विकिपीडियावरचा प्रत्येक लेख आज याच परवान्याखाली आहे. गावच्या शाळेतला शिक्षक तो छापून वर्गात वाटतो तेव्हा त्याला कोणाच्या पत्राची वाट पाहावी लागत नाही. भारतासाठीचे परवाने २००७ मध्ये मुंबईच्या आयआयटीत जाहीर झाले. लेसिग यांच्या कामातले हे सर्वांत यशस्वी काम आहे, याबद्दल दुमत नसावे.

पण या यशाची मर्यादाही त्यांच्याच ध्यानात आधी आली. असा परवाना जिवंत आणि उदार लेखकाला उपयोगी पडतो. मेलेल्या लेखकाचे, बुडालेल्या प्रकाशनसंस्थेचे, वारस न सापडणारे वाङ्मय त्याने सुटत नाही. कायद्याला वळसा घालण्याची ती सोय आहे, कायदा तिथेच असतो. म्हणून २००३ मध्ये लेसिग यांनी एक अगदी माफक सुचवणी केली: प्रसिद्धीनंतर ५० वर्षांनी ज्याला हक्क टिकवायचा आहे त्याने एक डॉलर भरून नोंद करावी, न भरल्यास कृती सर्वांची. डिस्नीला मिकी माउससाठी एक डॉलर जड नव्हता. लेखकाचे काही जात नव्हते, कंपनीचे जात नव्हते, लोकांना मात्र विस्मृतीत गेलेले लाखो ग्रंथ मिळणार होते. कॅलिफोर्नियाच्या झोई लॉफग्रेन यांनी तसे विधेयक मांडलेही. चित्रपट उद्योगाच्या संघटनेने विरोध केला आणि ते बारगळले.

माझ्या मते लेसिग यांच्या आयुष्याचे वळण इथे आहे. खटला हरला त्याला घटनेच्या अर्थाचे निमित्त होते. एक डॉलरच्या विधेयकाला कसलेही निमित्त नव्हते. ज्यात कोणाचेही नुकसान नाही असे लोकहिताचे विधेयकही पुढे सरकत नसेल, तर दोष युक्तिवादात शोधून उपयोग नाही. तो ऐकणाऱ्याच्या स्थितीत शोधावा लागतो.

हे त्यांना थेट विचारले ते एका तरुणाने. अॅरन स्वार्ट्झ पंधरा-सोळा वर्षांचा असल्यापासून क्रिएटिव्ह कॉमन्सच्या तांत्रिक रचनेवर लेसिग यांच्यासोबत काम करत होता. २००६ च्या अखेरीस बर्लिनमध्ये भेट झाली तेव्हा त्याने विचारले, राज्यव्यवस्थेत हा भ्रष्टाचार असताना कॉपीराइटच्या प्रश्नात तुम्ही प्रगती कशी करणार? लेसिग म्हणाले, तो माझा विषय नाही. अॅरनने उलट विचारले, अभ्यासक म्हणून नसेल, नागरिक म्हणून? ही हकिकत लेसिग यांनी नंतर अनेकदा जाहीरपणे सांगितली आहे. सहा महिन्यांनी त्यांनी विषय बदलल्याची घोषणा केली.

अॅरनचे पुढे काय झाले ते जगाला माहीत आहे. जेस्टोर या शोधनिबंधांच्या संग्रहातून लाखो निबंध उतरवून घेतल्याबद्दल त्याच्यावर २०११ मध्ये फौजदारी खटला भरला गेला. पुढे आरोपांची संख्या तेरावर गेली आणि दशकानुदशके तुरुंगवासाची टांगती तलवार आली. ११ जानेवारी २०१३ रोजी, २६ व्या वर्षी, त्याने जीवन संपवले. लेसिग यांनी सरकारी वकिलांच्या दांडगाईवर कठोर शब्दांत लिहिले. वर्षभराने त्याच तारखेला त्यांनी न्यू हॅम्पशायरच्या उत्तर टोकापासून कडाक्याच्या थंडीत १८५ मैलांची पदयात्रा सुरू केली. विषय एकच, राजकारणातला पैसा.

२०११ च्या ‘रिपब्लिक, लॉस्ट’ या पुस्तकात त्यांनी या प्रश्नाची मांडणी केली. भ्रष्टाचार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पाकीट येते. लेसिग म्हणतात, अमेरिकी काँग्रेसमध्ये पाकिटे घेणारे सदस्य आज फार थोडे आहेत. बहुतेक प्रामाणिक आहेत. तरीही संस्था भ्रष्ट आहे. राज्यघटना घडवणाऱ्या जेम्स मॅडिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कल्पिलेले प्रतिनिधीगृह फक्त जनतेवर अवलंबून असणार होते. आज त्याला दुसरे एक अवलंबित्व चिकटले आहे, ते देणगीदारांवरचे. लेसिग यांच्या हिशेबाने सदस्य आपला ३० ते ७० टक्के वेळ निधी गोळा करण्यात घालवतात, आणि ज्यांच्या देणग्यांना खरे वजन आहे अशी माणसे लोकसंख्येच्या ०.०५ टक्के आहेत. दिवसाचे कित्येक तास याच मूठभर माणसांना फोन करणारा सदस्य हळूहळू त्यांच्या चिंतांनी विचार करू लागतो. कोणी लाच देत नाही, कोणी मागत नाही. पण काय बोलले तर पुढचा फोन उचलला जाणार नाही, हे त्याला न सांगता कळते. मतदानाआधी पैशांची एक निवडणूक होते, आणि तिच्यात जो टिकतो तोच मतदारापुढे येतो. २०१४ मध्ये हाँगकाँगचे तरुण रस्त्यावर उतरले ते, उमेदवार आधी १,२०० जणांच्या समितीने निवडावेत आणि मग जनतेने मत द्यावे, या बीजिंगच्या योजनेविरुद्ध. आपल्याकडे वेगळे काय चालले आहे, असे लेसिग यांनी अमेरिकनांना विचारले.

ही मांडणी मला फार महत्त्वाची वाटते, कारण ती चर्चा माणसांच्या चारित्र्यावरून काढून व्यवस्थेवर आणते. वाईट माणसे हटवा, चांगली निवडा, ही आपली नेहमीची धाव. चांगल्या माणसालाही त्याच दारावर उभे राहावे लागत असेल तर फरक किती पडणार?

उपाय करू पाहताना मात्र लेसिग पुन्हापुन्हा हरले. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सिटिझन्स युनायटेड निकालाने कंपन्यांच्या स्वतंत्र निवडणूक खर्चावरचे बंधन उठवले आणि त्याच वर्षी एका अपील न्यायालयाच्या निकालाने, अमर्याद देणग्या घेऊ शकणाऱ्या सुपर पॅक नावाच्या निधी-संस्थांचा रस्ता मोकळा केला. २०१४ मध्ये लेसिग यांनी सुपर पॅक संपवण्यासाठी मेडे नावाची सुपर पॅकच काढली, सुमारे एक कोटी डॉलर जमवले, आठ मतदारसंघांत उतरवले. जिथे चुरस होती तिथे पदरी काही पडले नाही. २०१५ मध्ये ते डेमोक्रॅटिक पक्षाकडून अध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरले, नागरिक-समानतेचा एकच कायदा संमत करून पद सोडण्याचे वचन देऊन. ते वचन पुढे मागे घ्यावे लागले. वादसभेत प्रवेश मिळेना, नियम बदलले गेले, आणि दोन महिन्यांत त्यांनी माघार घेतली. २०२० मध्ये अध्यक्षीय निर्वाचक मंडळाच्या सदस्यांच्या मतस्वातंत्र्यासाठी ते सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले. सर्वच्या सर्व न्यायाधीशांनी त्यांच्या विरोधात मत दिले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मेन राज्यातल्या जनतेने त्यांच्या संघटनेने पाठबळ दिलेला, सुपर पॅकला देणगीची कमाल मर्यादा ५,००० डॉलर करणारा प्रस्ताव सुमारे तीन चतुर्थांश मतांनी संमत केला. २०२५ मध्ये संघीय न्यायालयाने त्याची अंमलबजावणी रोखली.

इथे प्रामाणिकपणे आक्षेपांना सामोरे गेले पाहिजे. पहिला आक्षेप पुराव्याचा. पैसा खरेच धोरण ठरवतो का? मार्टिन गिलेन्स आणि बेंजामिन पेज या राज्यशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये १,७७९ धोरणप्रश्न तपासून दाखवले की सामान्य नागरिकाच्या मताचा धोरणावर स्वतंत्र परिणाम जवळपास शून्य असतो. लेसिग या अभ्यासाचा वारंवार आधार घेतात. टीकाकार म्हणतात की बहुतेक प्रश्नांवर मध्यमवर्ग आणि श्रीमंत यांचे मत एकच असते. आणि पक्षांमधली दुफळी, मतदारसंघांची सोयीस्कर आखणी हीही कारणे आहेत. हा आक्षेप रास्त आहे. सगळ्या दुखण्यांचे एकच मूळ सांगणाऱ्याकडे सावधपणे पाहावे. पण एक डॉलरच्या विधेयकासारखी प्रकरणे या सरासरीच्या आकडेवारीत हरवतात. जिथे लोकांचे लक्ष नाही आणि मोजक्यांचा फायदा मोठा आहे, तिथेच पैशाचे काम सर्वांत सोपे असते, आणि कॉपीराइट हा नेमका तसा विषय आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो अॅरन स्वार्ट्झच्या कामातूनच येतो. लेसिग यांचे म्हणणे, आधी मूळ दुरुस्त करा, मग बाकीचे होईल. पण जानेवारी २०१२ मध्ये काय झाले? इंटरनेटवर कॉपीराइटच्या नावाखाली जाचक निर्बंध आणणारी दोन विधेयके काँग्रेसमध्ये संमतीच्या वाटेवर होती. अॅरनने त्यांच्याविरुद्ध लोक उभे केले. १८ जानेवारीला इंग्रजी विकिपीडिया दिवसभर बंद राहिला, लोकप्रतिनिधींचे फोन वाजत राहिले, आणि दोन्ही विधेयके गुंडाळली गेली. राजकारणातला एक डॉलरही कमी न होता ही लढाई जिंकली. आणि १ जानेवारी २०१९ उजाडला तेव्हा मुदत पुन्हा वाढवण्याचा प्रयत्नही कोणी केला नव्हता. फ्रॉस्ट यांचा ‘न्यू हॅम्पशायर’ मुक्त झाला. २०२४ मध्ये १९२८ चा मिकी माउसही मुक्त झाला. जी लढाई लेसिग न्यायालयात हरले होते, तिने घडवलेले लोकमत आता कामी आले.

आधी काय, मग काय, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. आधी सामाजिक सुधारणा की आधी राजकीय स्वातंत्र्य, यावर आगरकर आणि टिळकांच्या पिढीने जिवाच्या आकांताने वाद घातला. इतिहासाने त्या दोहोंतले एकही कोणासाठी थांबवून ठेवले नाही. म्हणून ‘आधी मूळ’ हा लेसिग यांचा क्रम मला पटत नाही. मुळाच्या अमूर्त प्रश्नासाठी लोक एकत्र येत नाहीत; मेडे पॅकचा पराभव हेच सांगतो. लोक येतात ते हातातले काही हिरावले जाते तेव्हा: पुस्तक, औषध, पाणी, फी. पण वाईट विधेयक अडवणे आणि चांगले विधेयक संमत करून घेणे यांत मोठे अंतर आहे. फोनांच्या भडिमाराने पहिले झाले. दुसरे आजवर झालेले नाही. वारस न सापडणाऱ्या कृतींचा प्रश्न अमेरिकेत आजही सुटलेला नाही. तेव्हा क्रम नव्हे, पण संबंध पटतो. प्रत्येक लहान लढाईने मोठ्या प्रश्नाचा पत्ता जवळ बाळगला पाहिजे.

आपल्यासाठी हे परके नाही. १९५७ च्या भारतीय कायद्यात कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे होता. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये गेले. त्यांचे साहित्य १९९१ च्या अखेरीस मुक्त होणार होते. विश्वभारती या त्यांच्या संस्थेचे हक्क राखण्यासाठी मुदत ऐन वेळी ६० वर्षांची केली गेली, आणि ती सर्व भाषांतल्या सर्व लेखकांना लागू झाली. भा. रा. तांबे डिसेंबर १९४१ मध्येच गेले. बंगालमधल्या एका संस्थेच्या चिंतेपायी मराठीतल्या या कवीच्या कविताही आणखी दहा वर्षे बांधलेल्या राहिल्या. साने गुरुजींच्या पुस्तकांना २००१ ऐवजी २०११ पर्यंत थांबावे लागले. मराठी वाचकाला, प्रकाशकाला, ग्रंथपालाला कोणी विचारले नाही, कारण त्या चर्चेत त्यांच्या बाजूने बोलणारे कोणी नव्हते. इथे देणग्यांचा खेळ होता असे मी म्हणत नाही. मोजक्यांचा आवाज संसदेत पोहोचतो आणि विखुरलेल्या अनेकांचा पोहोचत नाही, ही दरी तीच आहे.

आणि देणग्यांचा खेळही आपल्याकडे अनोळखी नाही. निवडणूक रोखे योजनेने देणगीदाराचे नाव मतदारापासून लपवले होते. कंपन्यांच्या देणग्यांवरची नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादाही २०१७ मध्ये काढली गेली होती. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने दोन्ही गोष्टी रद्द ठरवल्या. मतदाराला जाणण्याचा हक्क आहे, हे न्यायालयाने मान्य केले. लेसिग यांना जे त्यांच्या न्यायालयात मिळाले नाही, त्यातले काही आपल्याला आपल्या न्यायालयात मिळाले, ही समाधानाची गोष्ट आहे. पण मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांची मर्यादा असताना पक्षाच्या खर्चाला आजही मर्यादा नाही, आणि २० हजार रुपयांपर्यंतच्या देणगीदाराचे नाव पक्षाला निवडणूक आयोगाला कळवावे लागत नाही. निकाल लागला, दार पुरते बंद झालेले नाही.

हे दार बंद करण्याचे काम कोणाचे? आपल्याकडे जाणकार मंडळी सहसा म्हणतात, आम्ही आमचे शास्त्र सांगतो, निर्णय राजकारण्यांचा. जलतज्ज्ञ धरणाचा अहवाल देतो, डॉक्टर औषधांच्या किमतीवर निबंध लिहितो, नगररचनाकार नदीपात्रातल्या बांधकामावर हरकत नोंदवतो. अहवाल कपाटात जातो आणि जाणकार नवा अहवाल लिहायला बसतो. हे नम्र वाटते, पण यात कर्तव्याचा अर्धाच भाग पुरा होतो. आपला अहवाल कपाटात का गेला, हे त्या विषयात सर्वांत नेमके त्यालाच सांगता येते, कारण कोणत्या कलमाने कोणाचा फायदा झाला हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नसते. त्याने ते सांगितले नाही तर दुसरे कोणी सांगू शकत नाही.

लेसिग यांच्याकडून घ्यायचे ते हेच. विषय सोडू नये; विषयातले पुरावे घेऊन राजकारणाच्या प्रश्नापर्यंत जावे, आणि तिथे आपल्याला तज्ज्ञाचा मान मिळणार नाही, साध्या नागरिकासारखे हरावे लागेल, याची तयारी ठेवावी. त्यांच्या पराभवांनी एवढे सिद्ध केले आहे की बरोबर असणे पुरेसे नाही, आणि २०१९ मध्ये मुक्त झालेल्या ग्रंथांनी एवढे सिद्ध केले आहे की हरलेली बाजूही लोकांना शिकवत असते. आपल्या विधानसभेत आणि संसदेत येणाऱ्या प्रत्येक कायद्याबाबत, तो कोणाला हवा होता आणि तो करणाऱ्यांच्या निवडणुकीचा खर्च कोणी उचलला, हे दोन प्रश्न एकत्र विचारण्याची सवय मराठी जाणकारांनी स्वतःला लावून घ्यावी. माहितीच्या अधिकाराने आणि २०२४ च्या निकालाने ते विचारण्याचे साधन आपल्या हाती दिले आहे. ते वापरण्याची जबाबदारी आता आपली आहे.